सासूबाईंचा सराव

"ताई, याच्यात आता काही राम राहिला नाही," कपडे धुण्याच्या मशीनच्या पोटातून डोकं बाहेर काढत दुरुस्तीवाला म्हणाला. सुटे केलेले भाग त्याने फरशीवर मांडून ठेवले होते. सूनबाईचं अर्धं लक्ष त्याच्या बोलण्याकडे होतं आणि अर्धं त्यातल्या बारीक स्क्रूंकडे, कारण तिची छोटी लेक बबडीही दाराशी उभी राहून तेच स्क्रू न्याहाळत होती, आणि बबडीच्या मते जग ही मुळात चाखून बघायची वस्तू होती.

"दुरुस्त होईल, नाही असं नाही. पण पुढच्या महिन्यात तुम्ही मला परत बोलावणार आणि शिव्या घालणार. त्यापेक्षा नवीन घ्या."

"नवीन," सूनबाई म्हणाली. दुकानात कपडा नुसता अंगाला लावून बघावा तसा तिने तो शब्द लावून बघितला आणि परत ठेवून दिला.

नवीन यंदा जमणार नव्हतं. हे घरात सगळ्यांना न बोलताच कळलं आणि त्या दिवसापासून बादली, ब्रश आणि सूनबाई अशी व्यवस्था सुरू झाली. वेळ तरी कशी, तर बबडीचं डायपर सोडवण्याचं शिक्षण नुकतंच सुरू झालेलं. या शिक्षणात विद्यार्थिनी रोज हसतखेळत नापास व्हायची आणि शिक्षा चादरींना व्हायची. चादरी, दुलया, सोफ्याची खोळ, आजीची मांडी. भरलेली बादली आणि लहान मूल एका छपराखाली, या विचाराने सूनबाई झोपेतही दचकायची. म्हणून बादली भरली की ती बबडीला सासूबाईंच्या हवाली करायची, बाथरूमचं दार आतून लावून घ्यायची आणि नळाच्या आवाजात जगाशी संबंध तोडून चादरी बडवत बसायची. बडवताना तिला रडू यायचं. पण रडायलाही एक हात मोकळा लागतो, आणि तिचे दोन्ही साबणात असायचे.

तिची सगळी आशा एका गोष्टीवर होती. आणि ती गोष्ट नवऱ्यासमोर बोलायची सोय नव्हती.

सूनबाईला छंद होता ऑनलाइन सोडतींचा. कंपन्या जाहीर करतात ना, नाव नोंदवा, सोडतीत नंबर लागला तर बक्षीस, तशा. बबडी दुपारी झोपली की ती अर्धा तास हेच करायची. पण दिसेल त्या दुव्यावर बोट ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. कॉलेजात शिकलेली सगळी चिकित्सा तिने या छंदात ओतली होती. सोडतीसाठी ईमेलचा पत्ता वेगळा. ज्या सोडतीचे नियम छापलेले नाहीत तिथे जायचंच नाही. जो बक्षीस द्यायला आधी पैसे मागतो तो चोर. जो बँकेचा तपशील मागतो तो दरोडेखोर. इतकी काळजी घेऊन तिने आजवर जिंकलेल्या वस्तू म्हणजे किल्ल्यांची एक साखळी, एकदाच उघडलेली आणि मग कधीही न मिटलेली एक छत्री आणि कुत्र्याच्या गळ्यातला एक उत्तम पट्टा. घरात कुत्रा नव्हता.

"पट्टा मिळालाय, तर आता कुत्राही मिळव एखाद्या सोडतीत," नवरा म्हणायचा. "किंवा आपण बबडीला..."

"अहो, गप्प बसा."

पण कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका कंपनीने सोडत जाहीर केली, पहिलं बक्षीस कपडे धुण्याचं मशीन, तेव्हा मात्र सूनबाईने फार विचार केला. स्वतःच्या नशिबाचा अंदाज तिला छत्रीवरून आलेलाच होता. सासूबाईंचं तसं नव्हतं. सासूबाई बाजारात गेल्या की त्यांच्यापाशी येऊन भाव उतरायचे. त्या रांगेत उभ्या राहिल्या की दुसरी खिडकी उघडायची. म्हणून तिने त्यांना विचारून, आणि कशाची सोडत ते न विचारताच त्यांनी मान हलवल्यावर, नियमाप्रमाणे त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच फोन नंबराने अर्ज भरला. नियमाप्रमाणे, हे महत्त्वाचं. सूनबाईच्या आयुष्यातली बहुतेक संकटं नियमाप्रमाणेच आलेली होती.

याआधीही तिने एकदोनदा सासूबाईंचा नंबर दिला होता, आणि तो कुठून कसा कोण जाणे, भलत्यांच्या हाती लागला होता. एक दिवस कुणीतरी बक्षिसाच्या नावाखाली फोन केला आणि सासूबाईंनी त्याला घरचा पूर्ण पत्ता दिला. शिवाय घंटी बिघडलेली आहे तेव्हा दार वाजवा, दुपारी सून झोपलेली असते तेव्हा हळूच वाजवा, आणि कपाटाच्या किल्ल्या हल्ली सापडत नाहीत म्हणून आम्ही कपाट उघडंच ठेवतो, असंही सांगितलं. सूनबाईने फोन हातातून हिसकावून घेतला तेव्हा पलीकडचा माणूस लिहून घेत होता.

त्यानंतर घरात सराव सुरू झाला. कल्पना सूनबाईची, आवाज नवऱ्याचा. आठवड्यातून एकदोनदा तो ऑफिसातून कुणाच्या तरी फोनवरून आईला फोन करायचा, कधी बँकेचा साहेब होऊन, कधी सामान पोचवणारा, कधी अपघातात सापडलेला लांबचा भाचा. सूनबाईने नियम घालून दिले होते. फोनवर नाव सांगायचं नाही. 'हो' हा शब्द उच्चारायचा नाही, कारण चोर तो टिपून घेतात आणि नको तिथे चिकटवतात. आणि जो घाई करतो, तो चोरच.

पहिल्या फोनला सासूबाई नापास झाल्या. भाच्यासाठी तर त्या रडल्या. पण हळूहळू त्यांना गोडी लागली. संध्याकाळची मालिका बघायच्या त्या बंद झाल्या. पोराचा आवाज त्या पहिल्या शब्दाला ओळखायला लागल्या आणि ओळखूनही त्याला बोलू द्यायच्या, मग शेवटी, "सोन्या, बँकेचा साहेब असं शिंकत नाही," म्हणून फोन ठेवायच्या. सूनबाई बबडीला टाळ्या वाजवायला लावायची. घर सुरक्षित झालं होतं.

त्या दिवशी सूनबाई बाथरूममध्ये दुलई बडवत होती. बाहेर फोन वाजला. सासूबाईंनी आधी चष्मा सारखा केला. फोन कानानेच ऐकायचा असला तरी सरावाच्या वेळी चष्मा लागायचाच.

"नमस्कार मॅडम, मी पावडर कंपनीच्या बक्षीस विभागातून बोलतोय. तुमचं हार्दिक अभिनंदन!"

"अस्सं! काय लागलं आम्हाला?"

"पहिलं बक्षीस, मॅडम. कपडे धुण्याचं मशीन!"

सासूबाईंना हसूच फुटलं. घरातलं मशीन बंद पडलंय हे ठाऊक असलेला माणूस जगात दुसरा कोण असणार?

"सोन्या, आज नाही रे जमलं तुला. घरच्याच गोष्टी काढून बसलास. आवाज मात्र बरा लावलायस, सर्दी झाल्यासारखा. जेवलास का?"

"मॅडम, मी सोन्या नाही."

"बरं, नाहीस. जेवलास का ते सांग."

"नाही अजून. पण मॅडम, तुमचं पूर्ण नाव..."

"इतका वेळ उपाशी? पित्त उसळतं तुझं, माहीत आहे ना?"

"उसळतं," तो आवाज चकित होऊन म्हणाला. "आत्ताही जळजळतंय. पण काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला? आधी डबा उघड. मग कर चोऱ्यामाऱ्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

"अगं, आज मशीनचं काढलं होतं त्यानं!" सासूबाईंनी बाथरूमच्या दाराशी येऊन आनंदाने ओरडून सांगितलं.

सूनबाईने आतून "हं" केलं. तिला जरा लागलंच. माझे हात इथे सोलून निघालेत आणि यांना मशीनची थट्टा सुचते. तिने तो राग दुलईवर काढला.

थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. नळ चालू होता, तरी मधून मधून शब्द आत येत होते.

"...ते राहू दे. तुझ्या पाठीवर तीळ कुठल्या बाजूला आहे ते सांग आधी." मग सासूबाईंचा आवाज एकदम बदललेला. "अस्सं. तीळच नाही म्हणतोस? बरं. मग घरी कोण कोण असतं तुझ्या?"

सराव आज लांबलाय, सूनबाईच्या मनात आलं. यांना ऑफिसात काम नाही वाटतं.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा ती चादर पिळत होती. पिळायला दुसरं कुणी नसलं की चादरीचं एक टोक नळाला गुंडाळायचं आणि दुसरं आपण धरायचं, ही विद्या तिने स्वतः शोधून काढली होती. नळ बंद असल्यामुळे आता स्पष्ट ऐकू येत होतं.

"आईला काय सांगतोस मग? काय काम करतो म्हणून सांगतोस? ...नाही ना आवडत तिला? आवडेलच कसं! ...लोक शिव्या देतात, मग देणारच की. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, उपाशी राहायचं आणि साहेबाचं बोलणं वर. कशासाठी रे? ...ऐक माझं. ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ आणि चालायला लाग. मागे वळून बघायचं नाही."

काय रंगात येतात या, असं म्हणत सूनबाई ओल्या चादरींचा ढीग घेऊन बाहेर आली. सासूबाई डोळे टिपत होत्या. बबडी त्यांच्या मांडीवर बसून फोनच्या कव्हराचा कोपरा चाखत होती. सूनबाईने आधी कव्हर काढून घेतलं, मग चादरी वाळत घातल्या, मग पदराला हात पुसून सवयीने सोडतीचा तो वेगळा ईमेल उघडला.

पत्र कंपनीकडून होतं. तिने लगेच विश्वास ठेवला नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासला. पैसे मागितलेत का बघितलं, नव्हते. पत्रातल्या दुव्याला हात न लावता कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून उघडली. तिथे विजेत्यांच्या यादीत पहिलंच नाव सासूबाईंचं होतं.

तिने बबडीला उचललं आणि गर्रकन फिरवलं. बबडी खिदळली आणि त्या आनंदात आणखी एक फ्रॉक धुण्यात गेला. जाऊ दे! आता काय, हवे तेवढे जाऊ देत! मग तिने पत्राचा उरलेला भाग वाचला.

'आपल्या नोंदवलेल्या क्रमांकावर आमच्या प्रतिनिधीने आज वारंवार संपर्क साधला असता स्वीकृती मिळू शकली नाही. विजेत्याने आज कार्यालय बंद होण्यापूर्वी स्वतःच्या आवाजात स्वीकृती न दिल्यास बक्षीस प्रतीक्षा यादीतील पुढील नावास देण्यात येईल.'

सूनबाई मटकन खाली बसली. बसली ती ओल्या फ्रॉकवरच.

"आई, मघाशी कोणाचे फोन होते?"

"एक चोर होता."

"तुम्ही तर सोन्या म्हणत होतात!"

"पहिल्यांदा वाटलं सोन्या. मग तीळ विचारला. तीळ नाही म्हणाला. शिवाय मी बोलत होते ते सगळं ऐकून घेत होता गं. आपला सोन्या कधी एवढं ऐकून घेतो? तेव्हाच ओळखलं, हा खरा चोर."

"आई, तो चोर नव्हता! कंपनीचा माणूस होता! आपल्याला मशीन लागलंय, खरंखुरं!"

सासूबाईंनी तिच्याकडे फार मायेने बघितलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"थकलीस तू. धुऊन धुऊन थकलीस, म्हणून फसलीस. माणूस थकला की फसतो, तूच सांगितलंयस."

"अहो, पत्र आलंय! हे बघा!"

"चोरांची पत्रं खऱ्यापेक्षा देखणी असतात, तुझंच वाक्य."

"मी वेबसाइट स्वतः तपासली. आई, प्लीज, वेळ नाहीये, ऑफिस बंद व्हायच्या आत फोन करायचाय. लवकर चला!"

"बघ!" सासूबाईंनी बोट वर केलं. "घाई. जो घाई करतो तो कोण?"

उत्तर सूनबाईला पाठ होतं. तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, तुम्ही आज आईंना फोन केला होता का? सरावाचा?"

"नाही गं, सकाळपासून मीटिंगमध्ये आहे. का? कितीला बाद झाली ती?"

"मशीन लागलंय आपल्याला."

"वा! मग कुत्र्याला धुऊन काढ त्यात."

"अहो, खरंच लागलंय! आणि आई 'हो' म्हणत नाहीत. तुम्ही त्यांना सांगा."

सांगायला तो आनंदाने तयार झाला. फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्यांनी चष्मा सारखा केला. "आई, मी बोलतोय, ती म्हणते ते खरं आहे," नवरा म्हणाला. सासूबाईंनी लक्षपूर्वक ऐकलं, आणि विचारलं, "तीळ कुठे आहे?"

"कसला तीळ?"

सासूबाईंनी फोन ठेवला. "हाही नाही," त्या म्हणाल्या. "आज टोळीच लागली आहे मागे."

उपाय एकच उरला होता. सूनबाईने वेबसाइटवरून कंपनीचा नंबर घेतला, सासूबाईंच्याच फोनवरून लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा करून मध्ये ठेवला. बराच वेळ सनई वाजली. बबडी सनईवर नाचली. मग एका बाईचा आवाज आला. सूनबाईने एका दमात सगळं सांगितलं.

"हो, तुमची नोंद आहे इथे," बाई म्हणाली. "आमच्या प्रतिनिधींनी तीन शेरे लिहिलेत. पहिला, 'विजेत्या म्हणतात मी आधी जेवावं.'"

सूनबाईने डोळे मिटले.

"दुसरा, 'विजेत्यांनी माझी चौकशी केली. इतक्या वर्षांत कुणी केली नव्हती.' तिसरा..." बाई घुटमळली. "तिसरा नुसताच आहे, 'मावशी बरोबर बोलतात.' याचा अर्थ काय हो?"

"त्यांनाच विचारा ना! त्यांना द्या फोन, ते सांगतील, आम्ही खऱ्या आहोत!"

"ते नाहीत. ते गेले."

"जेवायला?"

"नोकरी सोडून. मघाशी फोन ठेवला, डबा उचलला, साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि मागे वळून न बघता गेले. साहेबांनी दोन हाका मारल्या. तेव्हापासून इथे सगळा गोंधळ चाललाय."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "गेला? खरंच गेला? बाई गं! चांगल्या घरचा असणार, मी म्हटलंच होतं."

"त्याच विजेत्या का?" बाईने विचारलं. "मग काकू, लवकर उरकू या, ऑफिस बंद होतंय. मी बक्षीस स्वीकारता का विचारीन, तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं. आवाजाची नोंद होते. कपडे धुण्याचं मशीन हे बक्षीस तुम्ही स्वीकारता?"

सूनबाईने हात जोडले. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. साबणाने पांढरे पडलेले ते जोडलेले हात बघून त्यांचं मन द्रवलं, हे स्पष्ट दिसलं. पण नियम तो नियम, आणि घालून दिलेलाही तिनेच.

"मी नाही म्हणत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे हो?"

"तसं समजायचं तर समजा."

"काकू, तसं चालत नाही. हो की नाही?"

"नाही असं कुठे म्हटलं मी?"

"आई, हो म्हणा!" सूनबाई ओरडली.

"तू म्हण की."

"हो! हो! हो!" सूनबाई म्हणाली.

"मॅडम, हा दुसरा आवाज आहे," बाई म्हणाली, आणि तिचा स्वर गार झाला. "विजेत्याच्या वतीने दुसरंच कुणी होकार देत असेल तर आम्हाला ते फसवणूक म्हणून लिहावं लागतं."

सासूबाईंनी सुनेला कोपराने ढोसलं. "ऐकलंस? फसवणूक. आता स्वतःच कबूल करतायत."

मग त्यांनी सूनबाईकडे पुन्हा एकदा बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, तिच्या समाधानासाठी त्यांनी मान हलवली. एकदा नाही, चांगली ठसठशीत, वरखाली, दोन-तीनदा. सूनबाईने ती मान डोळे भरून पाहिली. पण फोनला डोळे नव्हते. पलीकडून बाई "हॅलो, हॅलो" करत राहिली, मग सनई लागली, आणि सनईनंतर कंपनीचं कार्यालय आता बंद झालं असून उद्या सकाळी संपर्क साधावा, असं एका मंजुळ आवाजाने कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत पहिलं नाव वेगळं होतं.

सूनबाई त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. फक्त चादरींशी बोलली, आणि ते बोलणं लिहिण्यासारखं नव्हतं. नवऱ्याने एकदा "अगं, पुढच्या सोडतीत..." एवढं म्हणून बघितलं आणि तिच्या हातातला ब्रश पाहून वाक्य तसंच खाली ठेवलं. सासूबाईंची मात्र चाल बदलली होती. त्या ताठ चालत होत्या. आजवर त्या चोरांपासून घर वाचवत होत्या. आता त्यांनी खुद्द चोर वाचवला होता.

रविवारी सकाळी दार वाजलं. हळूच वाजलं.

"मीच बोलावलंय," सासूबाई म्हणाल्या. "परवा फोन आला होता त्याचा. मावशी, सुटलो म्हणाला. म्हटलं जेवायला ये."

"तुम्ही पत्ता दिलात? चोराला?"

"सुधारलेल्या."

दारात एक सडसडीत, कानशिलांवर केस पिकू लागलेला माणूस उभा होता. हातात फळांची पिशवी, चेहऱ्यावर ओळखीचं आणि अनोळखीचं दोन्ही हसू. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कदाचित तिळाची खातरजमा करायला. शेजारच्या काकू चोर बघायला आधीच येऊन बसलेल्या होत्या. त्यांना सासूबाईंनी सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगायला घेतली. बबडीने त्याच्या पायाला मिठी मारली आणि थोड्या वेळाने त्याची विजार ओली झाली. तो नुसता हसला. नोकरीत याहून वाईट झालेलं असणार.

त्याला पुसायला फडकं हवं होतं म्हणून तो सूनबाईमागून बाथरूमपर्यंत आला आणि दाराशीच थांबला. आत बादल्या होत्या, दुलई होती, नळाला गुंडाळलेली चादर होती. त्याने तो देखावा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. दिवसभर माणसांना बक्षीस लागल्याचं सांगणाऱ्या माणसाने मशीन नसलेलं घर बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं.

"म्हणजे तुम्हाला खरंच हवं होतं," तो हळूच म्हणाला.

सूनबाईने नळाला गुंडाळलेलं टोक सोडवलं. बोलायचं तिने बरंच ठरवून ठेवलं होतं. रात्रंदिवस घोकलं होतं.

"आणि तुम्ही? तुमचं आता काय?" असं तिच्या तोंडून गेलं.

"शोधतोय काहीतरी. पण जेवतो वेळेवर. पित्त थांबलंय." त्याने बाह्या सरसावल्या आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. "द्या इकडे."

दोघं पिळायला लागली. एकटीने नळाशी झटण्यापेक्षा हे फारच सोपं होतं. चादरीतून इतकं पाणी निघालं की सूनबाईला आजवर वाळत घातलेल्या सगळ्या चादरींची कीव आली. बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता.

"...मग मी म्हटलं, ऊठ! तर उठला बघा. एका शब्दावर. नाहीतर आमच्या घरात माझं कोण ऐकतं? पण तो उठला. आता बघा, कष्टाचं काम करतोय आत. घामाचं."

"अहो, मग तुम्ही आमच्या दिरांशी पण बोला एकदा," शेजारच्या काकू म्हणत होत्या. "फार वाया गेलेत."

"बोलेन की. नंबर देऊन ठेवा."

त्या माणसाचे कान लाल झाले. त्याने पिळणं थांबवलं, खिशात हात घातला आणि अर्धवट बाहेर काढला. हातात कंपनीचं ओळखपत्र होतं, फोटोचं, शिक्क्याचं, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट.

"हे परत द्यायचं राहिलंय," तो कुजबुजला. "दाखवू का मावशींना? सांगू का खरं काय ते? निदान तुमच्यावर विश्वास तरी बसेल त्यांचा."

सूनबाईने दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. सासूबाई पुढे सरकून बसल्या होत्या. काकूंच्या दिरांचा नंबर घेण्यासाठी त्यांनी चष्मा सारखा केला होता, आणि त्यांच्या मांडीवर बबडी तोंडात बोट घालून आजीकडे इतक्या कौतुकाने बघत होती, जितक्या कौतुकाने त्या घरात आजवर कुणीही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली, आणि आपल्या बाजूचं टोक दोन्ही हातांनी धरलं. "पिळा. जरा घट्ट पिळा."